दुर्गाघाटचे सेवेकरी

भाद्रपद सरता सरता काशीच्या गंगेचा पूर ओसरू लागतो आणि घाटांच्या पायऱ्या एकेक करून पाण्याबाहेर येतात. परंतु त्या दगडाच्या रूपाने वर येत नाहीत. गाळाच्या रूपाने येतात. कोठे घोटाभर, कोठे कमरेपर्यंत असा तो करडा, चिकट थर असतो. ओला असतानाच तो पाण्याच्या झोताने आणि फावड्याने पुन्हा नदीत लोटला तर ठीक; एकदा का त्याला ऊन लागले की तो भाजल्या विटेसारखा घट्ट होतो आणि मग कुदळीलाही दाद देत नाही. काशीतल्या पाणीमापनाच्या हिशेबात ७१.२६२ मीटर ही धोक्याची रेषा होय. १९७८ च्या सप्टेंबरात गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती आणि तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही. पण इतका पूर न येताही, साध्यासुध्या वर्षीदेखील, नदी आपल्या हिश्श्याचा गाळ घाटावर ठेवूनच माघारी जाते. घाट बांधणारा एकदाच बांधतो. त्यावरचा गाळ मात्र दर वर्षी काढावा लागतो. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. काढणाऱ्याचे कोणी लिहून ठेवीत नाही.

काशीत महाराष्ट्राने काय केले याची कथा सांगताना आपल्याकडे सामान्यतः बांधणाऱ्यांचीच यादी सांगितली जाते. ती यादी थोर आहे यात संशय नाही. तथापि जी वसाहत त्या दगडाच्या आधाराने उभी राहिली ती अडीच-पावणेतीन शतके टिकली कशी, हा प्रश्न त्या यादीने सुटत नाही. त्यासाठी दुर्गाघाटच्या पायऱ्या चढून वरच्या गल्ल्यांत शिरले पाहिजे.

काशीचे घाट चौऱ्याऐंशी मानले जातात. त्यांतील पंचगंगा हा पाच मोठ्या तीर्थांपैकी एक. त्याला लागून उत्तरेस, म्हणजे काशीत ज्या दिशेस गंगा वाहते त्या दिशेस, दुर्गाघाट लागतो आणि त्यापुढे ब्रह्माघाट. दुर्गाघाटावर ब्रह्मचारिणी देवीचे देऊळ आहे. नवदुर्गांमधील ही दुसरी दुर्गा, म्हणून नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी या अरुंद गल्लीत सारे शहर लोटते. एकेकाळी कार्तिकात येथे मुक्कीचे सामने होत. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील तरुण उघड्या मुठींनी एकमेकांस भिडत आणि संध्याकाळी एकाच घाटावर नाक धूत बसत. पंचगंगेपासून ब्रह्माघाटापर्यंतच्या या पट्ट्यात घरांची ठेवण पाहणाऱ्यास क्षणभर पुणे-वाईची आठवण व्हावी. मधला चौक, भोवती ओसरी, आत माजघर, देवघरात गणपती आणि खंडोबाचा टाक. उत्तरेच्या जिभेने आपल्या ‘वाड्या’चा ‘बाडा’ केला. नाना फडणविसांचा वाडा तेथे ‘नाना फडनवीस का बाडा’ म्हणून ओळखला जातो. आंग्र्यांच्या वाड्याचेही तसेच. शब्दाने उच्चार बदलला, मुक्काम सोडला नाही.

मराठी माणूस काशीस काही पेशवाईतच पोचला असे नव्हे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट सहकुटुंब काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी काशी, प्रयाग आणि गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचिला आणि तोडरमल्लाच्या साहाय्याने १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. त्याच घराण्यात ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट झाले आणि त्याच घराण्यातून १६७४ साली गागाभट्ट रायगडावर राज्याभिषेकासाठी आले. पैठणच्याच एकनाथांनी आपले भागवत पुरे केले तेही काशीतच, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे. गोदावरीच्या काठाने उठावे आणि गंगेच्या काठी बसावे, ही वाट पेशव्यांच्या घोड्यांनी पाडलेली नाही. ती पोथ्या बगलेत मारून पायी चालणाऱ्यांनी पाडली.

या लोकांचे चाले कसे, याचे एक परके पण डोळस वर्णन उपलब्ध आहे. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या आरंभी काशीस आला होता. आपल्या देशातल्यासारखी विद्यापीठाची एक मोठी वास्तू येथे असेल, तास ठरलेले असतील, अशी त्याची अपेक्षा असावी. त्याला आढळले ते निराळेच. गुरू शहरभर आपापल्या घरी आणि बागांत विखुरलेले. कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहा-सात, फार नावाजलेला असेल त्याच्याजवळ बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षे राहत आणि श्रीमंत व्यापाऱ्यांनी पुरविलेल्या शिध्याची खिचडी खाऊन अभ्यास करीत. बर्निएला ही पद्धत सुस्त वाटली. आपल्याला तिच्यात दुसरी एक गोष्ट दिसते. येथे शिकविण्याला दाम नव्हता. गुरूने घर द्यावे, विद्या द्यावी. अन्न कोणी तिसऱ्याने द्यावे. ही तीन पायांची तिवई होती आणि तिचा एकही पाय पगाराचा नव्हता.

या तिवईवर वसाहतीचे घर उभारले ते नारायण दीक्षित पाटणकरांनी. गोदावरी आणि प्रवरा यांच्या संगमावर एका तीरास कायगाव आणि दुसऱ्या तीरास टोके अशी दोन क्षेत्रे आहेत. त्यांपैकी कायगावचे हे घराणे. वैदिक आचरणाबरोबर या घराण्यात सावकारीही होती, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण नुसत्या पुण्याईने घाट बांधला जात नाही. पेशवे नारायण दीक्षितांना गुरुस्थानी मानीत. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात ते काशीत स्थिर झाले आणि १७४० च्या सुमारास पंचगंगेच्या उत्तरेची नदीकाठची जागा तेथील मल्लाहांकडून, म्हणजे नावाडी-कोळ्यांकडून, विकत घेऊन त्यांनी दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट बांधविले. वर दक्षिणेतून येणाऱ्या कुटुंबांसाठी घरे झाली. काशीतला महाराष्ट्र तोवर व्यक्तींचा होता. आता तो मोहल्ल्याचा झाला.

जागा विकत घेतली, ही बारीकशी गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. वस्तुतः तेथे थोडे थांबावयास हवे. क्षेत्राच्या ठिकाणी सत्तेचा धाक दाखवून किंवा सनद आणवून जागा मिळविणे त्या काळी अशक्य नव्हते. दीक्षितांनी दाम मोजून ती घेतली, हे त्यांच्या पक्षी बोलणारे आहे. परंतु ज्यांनी ती विकली त्यांच्या होड्या तेथेच राहिल्या. यात्रेकरूला पैलतीरी नेणे, बुडणाऱ्यास काढणे, पुरात गल्लीतून माणसे हलविणे, ही कामे त्याच मल्लाहांकडे राहिली. दुर्गाघाटच्या सेवेचा हिशेब मांडताना त्यांचे नाव पहिल्या पानावर यावयास हवे होते. वसाहतीने लिहिलेल्या कागदांत ते आढळत नाही.

त्या काळची काशीयात्रा म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. घरातले माणूस काशीस निघाले की गावच्या वेशीपर्यंत रडत पोचवीत. परत येईल ही आशा धरण्याची रीत नव्हती. बाजीरावसाहेबांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेस गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी राजेरजवाड्यांनी वाटा मोकळ्या केल्या. पण राधाबाई एकच. बाकीच्यांना चोर, नाके, हिवताप आणि परकी भाषा यांतून महिनोनमहिने चालावे लागे. असा माणूस एखाद्या संध्याकाळी दुर्गाघाटच्या गल्लीत उभा राही. त्याला गावचे नाव विचारणारे, कोणाचे कोण हे ओळखणारे आणि आधी पाय धुवायला पाणी देऊन मग बोलणारे मराठी घर तेथे असे, ही गोष्ट कोणत्याही संगमरवरी मंडपापेक्षा मोलाची होती.

त्या घरावर काय काय येऊन पडे? पाहुण्याला उतरावयास ओसरी द्यावयाची. श्राद्धाची तयारी करावयाची. तीळ, दर्भ, पिंडाचे पीठ, सारे सोवळ्यात. तीर्थोपाध्यायाच्या वहीत त्याच्या पूर्वजांचे नाव सापडले तर वाचून दाखवावयाचे आणि खाली त्याचे नाव लिहून घ्यावयाचे. आजारी पडला तर वैद्य, मेला तर मणिकर्णिका. मागे राहिलेल्या नातेवाइकांना पत्र. गंगेच्या पाण्याची कुपी मेणाने बंद करून कावडीत नीट बसवून द्यावयाची. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे गंगेची कावड घेऊन कोकणात परतले आणि आईबापांस त्या पाण्याने स्नान घातले, हे ‘माझा प्रवास’च्या वाचकांस ठाऊक आहे. अशा कावडी वाहणारे दिसतात. त्या भरून देणारे दिसत नाहीत.

पुढे गयेस जावयाचे म्हणजे वाटेत कर्मनाशा नदी. नावच असे की तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर आजवर जोडलेले पुण्य वाहून जावे. धनिक यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडीत. खांदा देणाऱ्याच्या पुण्याचे काय होई, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. तो बहुधा इतका गरीब असे की गमवावयास त्याच्याजवळ पुण्यदेखील नसावे अशी समजूत असावी! नाना फडणविसांनी या नदीवर पूल बांधावयास काढला. तळाची वाळू ठाव देईना, पाया खचत गेला आणि नानांच्या हयातीत पूल झाला नाही. पुढे १८३१ मध्ये काशीच्या राजा पटणीमलाने तो पूर्ण केला. नानांच्या राजकारणावर पोथ्या भरल्या आहेत. पाया न लागलेल्या या पुलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि वास्तविक यात्रेकरूच्या पायांखालची अडचण ज्याने ओळखली असे राजकारण त्या काळी विरळाच.

आता त्या थोर यादीकडे. अहल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वेश्वराचे आजचे देऊळ उभारिले. नागपूरकर भोसल्यांचा घाट झाला, त्यांच्या मंत्र्याने मुनशीघाट बांधिला. ग्वाल्हेरच्या जटारांचा घाट झाला. अमृतराव पेशव्यांनी १८०७ च्या सुमारास राजाघाट आणि गणेशाचे देऊळ बांधिले. शिंद्यांच्या बायजाबाईंनी १८२८ मध्ये ज्ञानवापीभोवती खांबांचा मंडप घातला आणि १८३० मध्ये त्यांच्या घाटाचे काम निघाले. तो घाट आपल्याच भाराने खचला आणि कडेचे देऊळ आजतागायत पाण्यात कललेले आहे, असे काशीत सांगतात. अन्नछत्रे तर इतकी की एका छत्रातून निघून दुसऱ्यात जेवणारेही निघाले. ख्रिस्ती धर्माधिकारी हेबर १८२४ च्या सप्टेंबरात काशीस आला, तेव्हा अमृतरावांच्या वार्षिक दानाची हकीकत त्याने लिहून ठेविली: मागावयास येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणाला आणि भिकाऱ्याला तांदूळ आणि एक रुपया. त्याच वर्षी अमृतराव वारले.

अमृतरावांच्या सहा वर्षे आधी, १८१८ मध्ये, पुण्याची गादी गेलीच होती. दुर्गाघाटच्या इतिहासातील खरा पूर हाच म्हटला पाहिजे. पुण्याहून येणारी हुंडी थांबली. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर येथून थोडेबहुत येत राहिले. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तेही आटले. दुसऱ्या चिमाजी आप्पांसारखे पदच्युत घराण्यातले पुरुष काशीस पेन्शनीवर येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी, अस्सीजवळच्या भदैनीत, मणिकर्णिका जन्मली. तीच पुढे झाशीची राणी. जेम्स प्रिन्सेपने १८२८-२९ मध्ये शहराची मोजदाद केली, त्यात लोकसंख्या १,८०,००० च्या आसपास भरली. त्या गर्दीत दक्षिणी ब्राह्मणांचा भरणा मोठा होता आणि त्यांतले पुष्कळसे दानावर जगणारे होते. दान देणारी राज्ये बुडाली, दान घेणारा मोहल्ला उरला. साध्या हिशेबाने तो एका पिढीत रिकामा व्हावयास हवा होता.

तो झाला नाही. काही अंशी याचे श्रेय काळालाच आहे. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने काढलेल्या संस्कृत पाठशाळेत मराठी शास्त्र्यांना पगाराच्या जागा मिळू लागल्या. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडल्या गेल्या आणि जो यात्रेकरू आयुष्यात एकदा, तोही मरणाच्या तयारीने, येत असे तो चार दिवसांत येऊन जाऊ लागला. पूर्वी शेकड्यांनी येत, आता हजारांनी. पण पाठशाळेतल्या जागा मोजक्या. आणि यात्रेकरू वाढला म्हणजे उत्पन्नाआधी काम वाढते.

ते काम ज्यांनी उचलले त्यांत मोठा वाटा बायकांचा होता. काशीवासासाठी आलेल्या विधवा या गल्ल्यांतून दाटीवाटीने राहत. त्यांतील कित्येकींना माहेर-सासर दोन्ही तुटलेले. महिन्याकाठी गावाकडून पाच-सात रुपये आले तर आले. त्यांच्या हातांनी या वसाहतीचा स्वयंपाक केला, कार्तिकातल्या आकाशदिव्यांच्या वाती वळल्या, बाळंतिणी सांभाळल्या, परक्या प्रेतांजवळ रात्र जागविली. त्या स्वेच्छेने आल्या होत्या असे सरसकट म्हणता येणार नाही. घरच्यांनी पुण्याच्या नावाखाली दूर केलेल्याही त्यांत होत्या आणि त्यांच्या सेवेला निष्काम म्हणून गौरविताना हे विसरणे म्हणजे दुसऱ्यांदा त्यांना घराबाहेर काढणे होय. तरीपण जे त्यांच्या वाट्यास आले त्यातून त्यांनी मोहल्ला चालता ठेविला, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरा वाटा गुरुजींचा. सरकारी पाठशाळेत तास घेऊन आलेला शास्त्री सायंकाळी आपल्या ओसरीवर पाच-सात मुलांना फुकट शिकवी. मुले मधुकरी मागत किंवा वार लावून जेवीत. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. वार देणाऱ्या घरात दोन वेळची चूल पेटण्याची भ्रांत असली तरी विद्यार्थ्याचा वार चुकू नये हा दंडक होता. टोक्याच्या घराण्यातले, पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री १८४२ पासून काशीच्या पाठशाळेत गणित शिकवीत. मोठ्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार, सरकारदरबारी मान, स्वतःच्या गणिताने सिद्ध केलेले पंचांग, सारे होते. कायगावच्या माणसाने बांधलेल्या घाटाच्या शहरात समोरच्या टोक्याच्या माणसाने ग्रहगणिताची गादी चालवावी, हा योग इतिहासात क्वचितच जुळून येतो. नदीच्या एका वळणावरची दोन गावे शेकडो मैलांवर पुन्हा शेजारी झाली.

अशी वसाहत जगात एकटी नाही. अमेरिकेत छळाला कंटाळून पश्चिमेकडे निघालेले मॉर्मन पंथाचे लोक १८४७ मध्ये यूटाच्या खाऱ्या सरोवराकाठी पोचले आणि पुढे वीस वर्षांत त्यांनी त्या वैराण मुलखात वाटेवरची ठाणी उभी केली. त्यांतले कोव्ह फोर्ट हे १८६७ मध्ये काळ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले. आत दोन ओळींत बारा खोल्या, तारायंत्र, तबेला आणि वाटसरूला जेवण. घोडागाड्या गेल्या तशी ठाण्याची गरज सरली. १९८८ मध्ये बांधणाऱ्याच्या वंशजांनी ते परत विकत घेऊन पंथाच्या हाती सोपविले, आणि आता बहुधा नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी स्वखर्चाने तेथे येऊन काही महिने राहतात, खोल्या झाडतात, चुली पुसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यास पूर्वज कसे जगले हे दाखवितात. वेतन नाही. हे वाचून दुर्गाघाट आठवावा आणि त्याच क्षणी फरकही जाणवावा. तेथील स्वयंसेवक थांबलेल्या काळाची राखण करतो. दुर्गाघाटी काळ थांबलाच नाही. पाहुणा काल आला तसा आजही दारात उभा आहे आणि त्याला दाखवावयाचे नसून जेवू घालावयाचे आहे. म्हणूनच तेथे जुन्या वस्तूंची राखण हवी तशी झाली नाही, हाही त्या जिवंतपणाचा दोष मानावा लागेल. किती पोथ्या, किती मोडी पत्रे गल्लीतल्या ओलीने गेली असतील!

आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. या सेवेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. अन्नछत्राच्या पंक्ती जातीने मांडल्या जात. महाराष्ट्रातून आलेला अस्पृश्य यात्रेकरू याच गल्लीच्या तोंडाशी आला तर त्याला ओसरी नव्हती, वार नव्हता, वहीत नाव नव्हते. देशावर आणि कोकणात जी भिंत होती ती दगडाबरोबर काशीसही वाहून नेली गेली. वसाहतीची माया आपल्यापुरती होती. ‘आपले’ कोण, याची रेघ फार जवळ ओढलेली होती.

विसाव्या शतकाने ती रेघ थोडी पुसली आणि सेवेचे रूपही पालटले. १९०५ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन काशीस गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्माघाटच्या वाड्यांतून गणेशोत्सव सार्वजनिक झाला होता. त्याच्या मंडपात मंडपाचा बांबू रोवणारा, वर्गणी मागणारा आणि व्याख्यात्यास स्थानकावरून आणणारा असा एक नवा सेवेकरी तयार झाला. त्याला पुण्य नको होते, काम हवे होते. याच मराठी काशीत १८८३ मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे भीष्म ठरले. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊसकर यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली. भाच्याने ती हिंदीत आणिली. १९२० च्या ५ सप्टेंबरला शिवप्रसाद गुप्तांनी काढलेल्या ‘आज’ दैनिकाशी पराडकर आरंभापासून जोडलेले होते. १९३० च्या चळवळीत वृत्तपत्रांचे तोंड बंद झाले तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघाले, त्यामागे पराडकरांचा हात होता. काशीच्या गल्लीतून ते हातोहात पोचविणाऱ्या मुलांची नावे मागे राहिली नाहीत. ती राहू नयेत अशीच त्या कामाची अट होती. ज्या प्रांताने दोनशे वर्षे आपल्या माणसांना ओसरी दिली, त्या प्रांताच्या भाषेला काशीकर मराठ्याने आपली लेखणी दिली. पराडकर १९५५ मध्ये वारले.

याची किंमतही पडली. ज्या घरांत आजोबा मोडीत हिशेब लिहीत त्या घरांत नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. वाड्यांचे वाटे पडले, चौकात भिंती उठल्या, मुले नोकरीनिमित्त दिल्ली-मुंबईस गेली. नदीकाठच्या जागेला मोल आले तसे विकणारेही निघाले आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. पुरातन वाड्याचे छत दर पावसाळ्यात शाकारण्याचा खर्च दोष देणारा भरीत नसतो. तथापि क्षेत्राची ओढ सरलेली नाही. २०२५ च्या अखेरीस रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पुरे केले. गोदाकाठची ती जुनी वाट अजून चालती आहे.

आणि कार्तिक आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात पंचगंगा घाटावर शेजारच्या लोकांनी पौर्णिमेस पणत्या लावावयास आरंभ केला. घरोघर फिरून तेल जमवावे, वाती मागाव्या, पायरीवर मांडाव्या. कोणाचा हुकूम नाही, कोणाची सनद नाही. त्या ओळीने पुढे एकेक घाट घेतला, आणि आता देवदिवाळीस सारा नदीकाठ उजळतो, नावा भाड्याने मिळेनाशा होतात आणि देशोदेशीचे पाहुणे गच्च्यांवर दाटतात. २०१४ च्या नोव्हेंबरात अस्सी घाटावर पंतप्रधानांनी फावडे मारून गाळ काढण्याच्या मोहिमेस आरंभ केला, त्यानंतर स्वयंसेवकांच्या तुकड्याही घाटांवर दिसू लागल्या. गाळ उपसावयास आता पंप आहेत, महापालिकेची माणसे आहेत. पण पंपाचा झोत मोठ्या पायऱ्यांवर चालतो. देवळाच्या उंबऱ्यातला, कोनाड्यातला, बसक्या मढीतल्या देवाच्या पायांशी साचलेला गाळ हातानेच काढावा लागतो.

दुर्गाघाटच्या वरच्या गल्लीत पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारपासून परातीत वाती भिजत घातलेल्या असतात. संध्याकाळी त्या खाली उतरतात. सर्वांत खालच्या दोन पायऱ्या तोवर नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या असतात, ओल्या आणि निसरड्या. तेथे पणती ठेवावयास एकजण पाण्यात उतरतो आणि दुसरा वरून त्याचा हात धरून ठेवतो. बाजूस मल्लाहाची होडी बांधलेली असते. पाऊल घसरलेच तर आधार तिचा.